हॉलमधला माफीचा साक्षीदार

घरात टीव्हीवर काय बघता, हा प्रश्न मराठी माणसाला विचारू नये. खरं उत्तर मिळत नाही. ‘आम्ही फारसा लावतच नाही हो’ इथून सुरुवात होते. मग ‘बातम्यांपुरता’ होतो, मग ‘कधीतरी ते प्राण्यांचं चॅनेल’ निघतं, आणि फारच खोदून विचारलं तर ‘हिची एखादी मालिका असते, मी आपला पेपर वाचत बसलेला असतो’ इथपर्यंत गाडी येते. पेपर वाचत बसलेला हा गृहस्थ त्या मालिकेतल्या धाकट्या सुनेचं बाळंतपण किती महिने लांबलंय, हे बोटांवर मोजून सांगू शकतो. पण मालिका बघतो, असं काही म्हणणार नाही.

पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर आणि प्रसंगी एकमेकांसमोरही बिनदिक्कत चालणाऱ्या या खोटेपणाला एकच यंत्र पुरून उरलं. ते म्हणजे प्लाझ्मा टीव्ही. हा आपल्याबरोबर बसून सगळं बघायचा, गुन्ह्यात पुरता सामील असायचा आणि एक दिवस सगळ्यांदेखत माफीचा साक्षीदार व्हायचा. ज्या वाहिनीचं नाव घरात कुणी काढत नसे, नेमका तिचाच लोगो पडद्याच्या कोपऱ्यात उमटलेला दिसायचा. वाहिनी बदलली तरी तिथेच. काच पुसली तरी तिथेच. सिनेमातली नायिका विरहाने व्याकूळ होऊन आकाशाकडे बघतेय आणि आकाशात, वरच्या उजव्या कोपऱ्यात, भलत्याच वाहिनीचं बोधचिन्ह उगवलंय. याला दुकानदार ‘बर्न-इन’ म्हणायचा, मेकॅनिक ‘शॅडो’ म्हणायचा, आणि पैसे मोजलेलं गिऱ्हाईक जे म्हणायचं ते इथे छापता येत नाही.

हे का व्हायचं, ते कळायला विज्ञान फार लागत नाही. प्लाझ्माचा पडदा म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये लाखो बारीक कप्पे. कप्प्यांत निऑन आणि झेनॉन हे वायू कोंडलेले. विजेचा दाब दिला की वायूचा प्लाझ्मा होतो, त्यातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि ते कप्प्यातल्या फॉस्फरच्या लेपावर पडले की लेप उजळतो. एक कप्पा लाल, एक हिरवा, एक निळा. तिघे मिळून एक ठिपका, आणि असे लाखो ठिपके मिळून सुनेचं बाळंतपण.

गोची अशी की फॉस्फर वापराने थकतो. जितका उजळेल तितका लवकर म्हातारा होतो, आणि त्यातही निळा सगळ्यांत आधी. सगळा पडदा सारखाच वापरला गेला तर सगळा सारखाच थकेल आणि कुणाच्या ध्यानातही येणार नाही. पण वाहिनीचा पांढराशुभ्र लोगो वर्षानुवर्षं एकाच जागी ठाण मांडून बसला, की त्या जागेचे कप्पे इतरांपेक्षा जास्त राबतात आणि अकाली निस्तेज होतात. मग तिथे काहीही दाखवा, लोगोच्या आकाराचा मळकट ठसा दिसतच राहतो.

इथे प्लाझ्माच्या स्वभावातली खरी मेख आहे. जे हलतं ते त्याच्या लक्षात राहत नाही, जे थांबतं तेवढंच राहतं. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ चालली, तिचे तीन हजारांवर भाग झाले. ज्या घराने ती शेवटपर्यंत पदराने डोळे पुसत बघितली, त्या घरच्या प्लाझ्मावर रोहिणी हट्टंगडींच्या चेहऱ्याची एक रेघसुद्धा उमटली नसणार. उमटला असेल तो कोपऱ्यातला लोगो, ज्याच्याकडे इतक्या वर्षांत कुणी एकदाही मुद्दाम पाहिलं नव्हतं. आपण जिवाच्या आकांताने बघितलेलं सगळं वाहून जायचं, आणि ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही ते कायमचं कोरलं जायचं.

खरं तर प्लाझ्माचा जन्मच लक्षात ठेवण्यासाठी झाला. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी हा पडदा पहिल्यांदा बनवला, तो काही मालिकांसाठी नव्हे. त्यांना ‘प्लेटो’ नावाच्या संगणक-प्रणालीवरून विद्यार्थ्यांना शिकवायचं होतं. त्या काळी संगणकाची मेमरी सोन्याच्या मोलाची. साध्या पडद्यावर चित्र टिकवायचं तर ते पुन:पुन्हा पाठवत राहावं लागे, आणि त्यासाठी ते आधी कुठेतरी साठवून ठेवावं लागे. या तिघांनी असा पडदा काढला की एकदा पेटवलेला ठिपका विझवेपर्यंत पेटलेलाच राही. वेगळी मेमरी नको, पडद्याचीच स्मरणशक्ती पुरे. रंग एकच, नारिंगी. या शोधाला २००२ साली एमी पुरस्कारही मिळाला. एकही संवाद न म्हणता टीव्हीच्या दुनियेतला एवढा मोठा पुरस्कार मिळवणारं दुसरं पात्र सापडणं कठीण. असो. ज्याचं खानदानच स्मरणशक्तीचं, त्याने पुढे आपली लफडी लक्षात ठेवली तर त्याला दोष कसा द्यायचा?

नव्वदच्या दशकात जपानच्या फुजित्सूने रंगीत, बेचाळीस इंची प्लाझ्मा आणला. १९९७ साली फिलिप्सने अमेरिकेत असा टीव्ही विकायला काढला, तेव्हा किंमत पंधरा हजार डॉलरच्या घरात होती. तेव्हाच्या दराने पाच लाखांच्या वर. एवढ्या पैशांत आपल्याकडे माणसं टीव्हीचा नव्हे, फ्लॅटचा विचार करायची. मध्यमवर्गीय मराठी हॉलमध्ये प्लाझ्मा आला तो पुढच्या दशकाच्या उत्तरार्धात, किमती उतरल्यावर, आणि तोही दुकानात पुष्कळ काथ्याकूट होऊन.

आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांबरोबर सल्लागार म्हणून मी दुकानात गेलो होतो. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून पहिलाच प्रश्न विचारला, ‘आत गॅस आहे म्हणता, तो किती दिवस पुरतो?’

‘संपत नाही काका. सील असतो,’ प्लाझ्मा विकणारा पोरगा म्हणाला.

‘असं कसं? आमच्याकडे माणसं दोन, तरी सिलिंडर दीड महिन्यात संपतो.’

तेवढ्यात शेजारच्या काउंटरवर एलसीडी विकणाऱ्या पोराने काडी टाकली. ‘दोन-तीन वर्षांनी भरावा लागतो काका. विचार करून घ्या.’

काका दोन्ही पोरांकडे आळीपाळीने बघत राहिले आणि मग त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘याचा नंबर आधी लावावा लागतो की भरायला घरी येतात?’

प्लाझ्मात गॅस भरावा लागतो ही अफवा काही आपल्याच दुकानांत पिकली नव्हती. जगभरच्या दुकानांत ती चालायची. गॅस काचेत कायमचा बंद असतो आणि तो कुणी भरत नाही. पण सिलिंडरसाठी नंबर लावण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हे पटवणं अवघड. काकांनी शेवटी प्लाझ्मा घेतला तो चित्र बघून. काळा रंग खरोखरचा काळा दिसायचा, आणि चेंडूमागे धावणारा फील्डर धुरकट होत नव्हता. त्या काळच्या एलसीडीला हे दोन्ही जमत नव्हतं.

तीस-पस्तीस किलोचं ते धूड भिंतीवर चढवताना भिंतीची, ड्रिलवाल्याची आणि काकूंच्या संयमाची एकदमच परीक्षा झाली. टीव्ही तापायचाही चांगला. डिसेंबरात ते बरं वाटे, मे महिन्यात काका पंख्याची दिशा टीव्हीकडे आहे का ते बघत. पडदा जितका उजळ तितकी वीज जास्त, हाही प्लाझ्माचा एक खाक्या. काश्मीरच्या बर्फातलं गाणं महाग पडायचं, अंधाऱ्या वाड्यातली भुताची मालिका स्वस्तात व्हायची. काकांनी हे काकूंना समजावून सांगितलं. काकूंनी भुताच्या मालिका लावायला सुरुवात केली आणि काकांची झोप गेली.

टीव्हीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पथ्यपाण्याचं एक अख्खं पान होतं. पडद्यावर स्थिर चित्र फार वेळ ठेवू नका. नवा असताना कॉन्ट्रास्ट फार चढवू नका. बाजूला काळ्या पट्ट्या येतील असं चित्र सतत बघू नका. हे पान ज्या कागदी पिशवीत आलं त्याच पिशवीत ते कायमचं राहिलं, वॉरंटी कार्डाच्या सोबतीला.

त्यातलं पट्ट्यांचं प्रकरण विशेष होतं. प्लाझ्माचा पडदा रुंद, सोळाला नऊ, आणि आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम तेव्हा जुन्या चौकोनी मापाचे, चाराला तीन. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायच्या. पट्ट्यांतले कप्पे काही काम न करता कोरे करकरीत राहायचे आणि मधले राबून थकायचे. भिंतीवरचं कालनिर्णय काढल्यावर मागे जसा ताज्या रंगाचा चौकोन निघतो, तशा एखादा रुंद सिनेमा लावला की दोन्ही कडांना दोन ताज्यातवान्या पट्ट्या उजळून दिसायच्या.

मराठी घरांनी यावर तोडगा काढला तो पडद्याच्या काळजीपोटी नव्हे, तर हिशेबापोटी. ‘पैसे पूर्ण बेचाळीस इंचांचे मोजलेत, मग पट्ट्या कशाला बघायच्या?’ असं म्हणून रिमोटवरचं एक बटण दाबलं गेलं आणि चित्र ओढून पडदाभर केलं गेलं. चौकोनी चित्र असं ताणलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. नायिकांनी उपासतापास करून जे कमावलं होतं, ते या एका बटणाने धुळीला मिळालं. चंद्र बटाट्यासारखा दिसायला लागला, क्रिकेटचा चेंडू लांबट झाला, आणि बातम्या देणाऱ्या मुलीचे खांदे पैलवानाचे झाले. कुणाचीही तक्रार नव्हती. उलट सगळ्यांना तेच माप सवयीचं झालं. आमच्या काकूंनी एका नाट्यगृहात आपली आवडती नायिका प्रत्यक्ष पाहिली आणि मध्यंतरात बटाटावडा खाताना त्या कळवळून म्हणाल्या, ‘किती वाळलीय गं बिचारी. शूटिंगच्या नादात जेवणखाण सोडलंय वाटतं.’

पट्ट्या अशा गेल्या, पण त्यांच्या जागी दुसरं संकट आलं. २००७ साली ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ सुरू झाल्या, २००८ मध्ये ‘आयबीएन-लोकमत’ आली. चोवीस तास मराठी बातम्या आणि प्लाझ्मा हे दोघे आपल्या हॉलमध्ये साधारण एकाच सुमारास शिरले. हे म्हणजे पत्रिका न बघता लग्न लावण्यातलं झालं. एका जागी थांबलेली वस्तू ज्याला सोसत नाही, त्याच्यापुढे आपण असा पडदा आणून ठेवला की त्यावर थांबलेल्या वस्तूच जास्त. वर लोगो. त्याच्या शेजारी घड्याळ. दुसऱ्या कोपऱ्यात ‘लाइव्ह’. खाली ‘ब्रेकिंग न्यूज’ची लालभडक पाटी. तिच्याखाली पट्टी. आणि या सगळ्यांनी जागा सोडलीच, तर मध्ये बातमी.

बातमी तासातासाला बदलायची, पण ब्रेकिंग न्यूजची पाटी दसऱ्याला लागली की होळीपर्यंत उतरायची नाही. मग ती पडद्यात मुरायची. संध्याकाळी कीर्तन लावावं, तर बुवा संसार असार आहे असं कळवळून सांगताहेत आणि त्यांच्या धोतरावर पुसटशी ‘ब्रेकिंग न्यूज’. ऐकणाऱ्यालाही क्षणभर वाटायचं, की हे आजच उघडकीला आलं असावं.

पावसाळ्यात डिशच्या छत्रीवाल्यांची निराळी तऱ्हा. आभाळ भरून आलं की सिग्नल जायचा आणि निळ्या पडद्यावर मधोमध चौकट यायची, की सिग्नल उपलब्ध नाही. घरातली मंडळी उठून दुसरं काही करतील तर शपथ. सगळे त्या चौकटीकडेच टक लावून बसायचे, आता येईल, मग येईल. तासाभराने सिग्नल यायचा, मालिका सुरू व्हायची, आणि सासूबाईंच्या कपाळावर पुसट अक्षरांत लिहिलेलं असायचं की सिग्नल नाही. हा ठसा मात्र थोड्या वेळाने विरून जायचा. अशा तात्पुरत्या सावल्या प्लाझ्मावर येत-जात राहायच्या आणि त्यांना घाबरायचं कारण नव्हतं. पण कुठली सावली पाहुणी आणि कुठली कायमची राहायला आलेली, हे पहिल्या दिवशी सांगता येत नसे.

काकांच्या टीव्हीवरची सावली राहायला आलेली होती. मेकॅनिक आला तेव्हा सोसायटीतले दोघे-तिघे सहज म्हणून हॉलमध्ये जमलो होतो. दुसऱ्याचा टीव्ही बिघडलेला बघण्यात एक निर्मळ आनंद असतो. मेकॅनिकने खिशातून पेन ड्राइव्ह काढला, टीव्हीला लावला आणि पडदा अख्खा पांढरा केला. ‘ट्यूब घालवा जरा काकू,’ तो म्हणाला. ‘आता बघा, सगळं दिसेल.’

सगळं दिसलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात काकूंच्या मालिकांच्या वाहिनीचा लोगो, पिवळट डागासारखा, पण अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. काकांना चेव चढला. ‘बघ! तुझी वाहिनी. टीव्ही तू घालवलास.’

काकू काही बोलल्या नाहीत. मेकॅनिक पडद्याजवळ वाकून म्हणाला, ‘थांबा काका. खाली पण आहे.’

खाली पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रुंद पट्टा होता आणि त्याच्या उजव्या अंगाला एक छोटी चौकट. चौकटीत ठसठशीत इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘सेन्सेक्स’.

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. २१ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स एका दिवसात चौदाशे अंकांनी कोसळला, त्या संध्याकाळी काकांनी देवासमोर उभं राहून शेअर बाजार सोडल्याचं काकूंना सांगितलं होतं. टीव्ही त्यानंतर घेतलेला.

‘अहो,’ काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘हे काय आहे?’

‘ते... बातम्यांत दाखवतात ना अधूनमधून.’

‘अधूनमधून दाखवून एवढं नाही येत काका,’ मेकॅनिक धंद्यातल्या निष्ठेने म्हणाला. ‘रोजचे चार-पाच तास पायजेत. आणि सलग पायजेत.’

काकू दुपारच्या भजनी मंडळात जात. वेळ जुळत होती.

त्यांनी चौकटीकडे पुन्हा निरखून पाहिलं. ‘सेन्सेक्स एवढंच उरलंय. त्याच्यापुढचे आकडे कुठे गेले?’

‘आकडे हलतात काकू. हलतं ते उमटत नाही.’

‘बरोबर आहे,’ काकू म्हणाल्या. ‘ते गेलेच असतील.’

मेकॅनिकने यावर इलाज सांगितला तो असा, की पॅनेल बदलायचं म्हणजे नवा टीव्ही घेतलेला परवडला. काकांनी नव्या टीव्हीला तत्काळ मान्यता दिली. काकूंनी दिली नाही. हा टीव्ही आहे तिथेच, आहे तसाच राहील, असं त्यांनी जाहीर केलं, आणि त्यामागचं कारण हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. पुराव्याशी छेडछाड होऊ द्यायची नसते.

काका त्यानंतर गुपचूप औषधोपचाराला लागले. पडदा तासन्‌तास पांढरा ठेवायचा. पांढरी पट्टी एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे फिरवत राहायची. काही टीव्हींत ही सोय आतच दिलेली असे. काही टीव्ही चित्र दर थोड्या वेळाने दोन-चार ठिपके इकडेतिकडे सरकवत, म्हणजे एकाच कप्प्यावर भार नको. आणखी एक जुना गावठी उपाय म्हणजे मुंग्या. अँटेना निसटली की पडद्यावर सळसळणाऱ्या त्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या सगळ्या कप्प्यांना सारखंच नाचवत, म्हणून त्या लावून ठेवायच्या. पण ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईतली जुनी केबल बंद होऊन घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि मुंग्यांच्या जागी शांत निळा पडदा आला. इतकी वर्षं ज्यांना शिव्या घातल्या, त्या मुंग्या औषधाला हव्या होत्या तेव्हा मिळेनात.

या सगळ्या उपायांचं मर्म एकच होतं आणि ते ऐकून काका हबकले. तात्पुरती सावली यांनी लवकर जाते हे खरं. पण कायमच्या डागाचा थकलेला फॉस्फर काही पुन्हा तरुण होत नाही. उपायाने होतं ते इतकंच, की बाकीचा पडदा हळूहळू त्या डागाइतका म्हातारा होतो आणि मग फरक दिसत नाही. समता आणण्याची ही आपल्याला चांगलीच ठाऊक असलेली रीत. मागे पडलेल्याला पुढे आणता येत नसेल, तर सगळ्यांनाच मागे न्यायचं.

कंपन्या तेव्हा सांगत, की पडद्याची चमक निम्म्यावर यायला साठ हजार तास लागतात. पुढेपुढे एक लाख तासांचा दावा होऊ लागला. रोज आठ तास टीव्ही बघितला तर एक लाख तास म्हणजे चौतीस वर्षं. पडदा चौतीस वर्षं टिकणार होता, पण बाजार तेवढा थांबणार नव्हता. एलसीडी स्वस्त झाले, हलके झाले, वीज कमी खाऊ लागले, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात ते जास्त झगझगीत दिसायचे. प्लाझ्मा खुलायचा तो घरच्या अंधारात, आणि अंधार करून टीव्ही विकत घेणारं गिऱ्हाईक कुणी पाहिलंय? ज्याच्या काळ्या रंगाची अजून शपथ घातली जाते, तो पायोनियरचा ‘कुरो’ आधीच बाजारातून गेला. पॅनासॉनिकने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी प्लाझ्मा बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि सोळा दिवसांनी वानखेडेवर सचिन तेंडुलकरचा शेवटचा कसोटी सामना संपला. देशाने सचिनसाठी डोळे पुसले, त्यात प्लाझ्माचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०१४ मध्ये सॅमसंग आणि एलजी यांनीही हात काढून घेतला.

तरी हा रोग काही प्लाझ्माने आणलेला नव्हता. त्याच्या आधी डबा टीव्हीच्या काळातही संगणकांचे पडदे असेच भाजायचे. एटीएमच्या जुन्या पडद्यांवर ‘कार्ड घाला’ ही विनंती कार्ड घातल्यावरही वाचता यायची. त्यावर तोड म्हणून १९८३ साली जॉन सोचा यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. काही वेळ कुणी कळ दाबली नाही तर तो पडदा काळा करून टाकायचा. हाच स्क्रीनसेव्हरचा मूळपुरुष. पुढे १९८९ साली ‘आफ्टर डार्क’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये पंख लावलेले टोस्टर उडायला लागले, आणि पडदा वाचवणं मागे पडून तो बघत बसणं सुरू झालं. एलसीडी आल्यावर पडदे भाजायचे जवळजवळ थांबले, स्क्रीनसेव्हरची गरज संपली. पण आपल्या कार्यालयांत ते पुढेही कित्येक वर्षं चालू राहिले, कारण रिकाम्या खुर्चीपुढे काहीतरी चाललेलं दिसलं म्हणजे बरं असतं.

आता म्हणाल, प्लाझ्मा गेला, सुटलो. सुटलेलो नाही. ओलेड आला. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडाने उजळतो, स्वतःच्याच हिशेबाने म्हातारा होतो, आणि इथेही निळा सगळ्यांत आधी गळपटतो. रोग तोच, फक्त पत्ता बदलला. महागड्या टीव्हीत आता लोगो ओळखून तेवढाच भाग मंद करण्याची सोय असते. आणि हॉलमधला तो साक्षीदार आपण खिशात घेऊन फिरायला लागलोय. २०१७ साली गूगलच्या एका महागड्या फोनवर थोड्याच दिवसांत खालच्या बटणांची सावली दिसू लागल्याचा गवगवा झाला आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांवर नेली. एखाद्या जुन्या ओलेड फोनवर करडा पडदा आणून बघा. कीबोर्डची चौकट दिसली तर मालक गप्पिष्ट. नकाशाच्या ॲपची पट्टी दिसली तर पोटासाठी गाडी चालवणारा. आणि कुणी म्हणत असेल की मी फोन फक्त फोन करायला वापरतो, तर त्याच्या फोनचा पडदा जरूर बघावा. पाहिलेल्याची यादी बोटाने पुसता येते, झिजलेला ठिपका पुसता येत नाही.

तेव्हा दोन विनंत्या. पहिली वाहिन्यांना. आपण कुठली वाहिनी बघतोय हे माणसाला माहीत असतं, त्यानेच ती लावलेली असते. लोगो थोडा फिका करा, आणि ब्रेकिंग न्यूजची पाटी बातमी जुनी झाल्यावर उतरवत जा. याने पडदे टिकतील, आणि पाटीवर लोकांचा विश्वासही टिकेल.

दुसरी तुम्हाला. उजेड थोडा कमी ठेवा, एकाच वाहिनीला जन्मभर चिकटून बसू नका, आणि कुणी बघत नसेल तेव्हा टीव्ही सरळ बंद करा. मला ठाऊक आहे, आपल्याकडे तो बघण्यासाठी नव्हे, सोबतीला चालू असतो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, हॉलमध्ये बातम्या, आणि समोर रिकामा सोफा. पण पडदे खरे झिजतात ते याच वेळी, आणि बिलही याच वेळी चढतं. एवढं जमलं तर टीव्ही वाचेल. नाहीच जमलं, तर मेकॅनिक येणार असेल त्या दिवशी शेजाऱ्यांना तरी घरी बोलावू नका.